रक्तातील निळे प्रथिन : तांबे कमी की जास्त?



गोठ्यातील काळीभोर म्हैस हळूहळू तांबूस दिसू लागते, वेळेवर माजावर येत नाही, खाऊनपिऊनही अंग धरत नाही. अशा वेळी गावात कोणीतरी हमखास सांगतो, "तिला तांबे कमी पडले आहे, चिमूटभर मोरचूद पाण्यातून पाजा." हा सल्ला कधी लागू पडतो, तर कधी जनावराच्या जिवावर बेततो. तोच उपाय मेंढीवर केला तर नुकसान होण्याचीच शक्यता अधिक असते. शरीरात तांबे कमी आहे की जास्त, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असते. त्याची साक्ष देणारे एक प्रथिन माणसाच्या आणि जनावराच्या रक्तात असते. त्याचे नाव सेरुलोप्लाझ्मिन. ही साक्ष मोलाची आहे, पण ती अर्धवट ऐकली तर फसगत होते. म्हणून हे प्रथिन काय आहे, प्रयोगशाळेत त्याचा उपयोग कसा होतो आणि त्यावरून पशुपालकाने काय बोध घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

तांबे : थोडेच, पण हवेच

मोठ्या माणसाच्या शरीरात तांब्याचे एकूण प्रमाण सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग इतकेच असते. तरीही त्यावाचून शरीराचे काम चालत नाही. रक्त तयार होणे, केस व लोकर यांना रंग येणे, हाडे व रक्तवाहिन्या बळकट राहणे, मज्जातंतूंवरील आवरण तयार होणे, या सर्व कामांना तांबे लागते.

जनावरांची गरजही अशीच अल्प असते. दिवसाला १० किलो कोरडा चारा व खाद्य खाणाऱ्या गाईला साधारणपणे १०० मिलिग्रॅम तांबे पुरते. दिवसाला एक किलो कोरडा चारा खाणाऱ्या मेंढीला सुमारे ७ मिलिग्रॅम पुरते. मोरचुदामध्ये वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे गाईची दिवसाची सर्व गरज ०.४ ग्रॅम मोरचुदात भागते, तर मेंढीला मिठाच्या काही कणांएवढे मोरचूदही पुरेसे होते. बरेचसे तांबे तर चाऱ्यातूनच मिळत असते. हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे 'चिमूटभर' हे माप किती धोक्याचे आहे, ते कळून येईल.

निळे प्रथिन म्हणजे काय?

रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशी बाजूला काढल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्याला रक्तद्रव म्हणतात. माणसाच्या रक्तद्रवातील ९० टक्क्यांहून अधिक तांबे सेरुलोप्लाझ्मिन या एकाच प्रथिनात बांधलेले असते. स्वीडनमधील होल्मबर्ग व लॉरेल या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये हे प्रथिन वेगळे करून त्याचे वर्णन केले. शुद्ध स्वरूपात ते आकाशासारखे निळे दिसते. लॅटिन भाषेतील आकाशी निळ्या रंगाच्या शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. मोरचुदाचा निळा रंग तांब्यामुळे असतो, तसाच या प्रथिनाचाही निळेपणा तांब्यामुळेच असतो.

मग आपले रक्तद्रव निळे का दिसत नाही, असा प्रश्न पडेल. याचे कारण म्हणजे हे प्रथिन थोडे असते आणि रक्तद्रवातील पिवळ्या रंगात ते झाकून जाते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असते. ज्यांच्या शरीरात त्याचे प्रमाण बरेच वाढते, उदाहरणार्थ संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या काही स्त्रिया, त्यांच्या रक्तद्रवाला हिरवट झाक आलेली रक्तपेढीत दिसून येते. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, तसाच हा प्रकार आहे.

हे प्रथिन यकृतात, म्हणजे काळजात तयार होते. तयार होत असतानाच त्याच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे सहा अणू बसविले जातात. तांबे मिळाले नाही तर प्रथिन रिकामेच रक्तात येते आणि लवकर मोडून जाते. म्हणून यकृतापर्यंत तांबे पोहोचले नाही की रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन कमी होते. तपासणीचा सर्व आधार या एका गोष्टीवर आहे.

लोहाशी त्याचे नाते

रक्त कमी झाले की लोहाच्या गोळ्या द्याव्यात, हे आता सर्वांना माहीत आहे. परंतु काही वेळा लोह देऊनही रक्त वाढत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९२८ मध्ये हार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ दुधावर वाढविलेल्या उंदरांवर प्रयोग केले. नुसते लोह दिल्याने त्यांचे रक्त सुधारले नाही. लोहाबरोबर किंचित तांबे दिल्यावर मात्र सुधारणा झाली. याचे कारण पुढे अनेक वर्षांनी उलगडले. यकृतात साठलेले लोह रक्तात वाहून नेण्यापूर्वी त्याचे एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर व्हावे लागते. सेरुलोप्लाझ्मिन हे काम करते, असे १९६६ मध्ये दाखविण्यात आले. तांब्याअभावी रक्तक्षय झालेल्या डुकरांना हे प्रथिन टोचले असता त्यांच्या रक्तातील लोह लवकर वाढले, असेही १९६९ च्या प्रयोगात आढळून आले.

पूर्वी असा समज होता की, हे प्रथिन म्हणजे तांबे वाहून नेणारी बैलगाडी आहे. परंतु जपानमध्ये १९८७ मध्ये एका रुग्णात हे प्रथिन जन्मतःच नसल्याचे आढळले. अशा रुग्णांच्या अवयवांना तांबे कमी पडत नाही, उलट यकृतात, स्वादुपिंडात आणि मेंदूत लोह साचत जाते. यावरून तांबे हे या गाडीतील माल नसून गाडीचा आस आहे, असे म्हणता येईल. आस नसेल तर गाडी चालत नाही आणि लोहाचा माल जागच्या जागी पडून राहतो.

प्रयोगशाळेत त्याचा उपयोग

माणसाच्या रक्तद्रवातून शुद्ध केलेले सेरुलोप्लाझ्मिन संशोधनासाठी लहान कुप्यांतून मिळते. त्यासाठी वापरावयाचे रक्तद्रव कावीळ 'ब' व 'क' आणि एड्सच्या विषाणूंसाठी आधी तपासले जाते. एक लिटर रक्तद्रवात हे प्रथिन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असल्याने आणि शुद्ध करताना त्यातील काही वाया जात असल्याने ते महाग असते. ते थंडीत गोठवून ठेवावे लागते. निळा रंग किती गडद आहे, यावरून त्याची शुद्धता पारखली जाते. रंग फिकट झाला म्हणजे प्रथिनातील तांबे निघून गेले किंवा प्रथिन खराब झाले, असे समजतात.

त्याचे मुख्य उपयोग पुढीलप्रमाणे आहेत :

१) बाजार समितीतील काटा शिक्क्याच्या वजनाने तपासतात, त्याप्रमाणे रक्त तपासणीची पद्धत पडताळण्यासाठी माहीत असलेल्या मापाचे शुद्ध प्रथिन वापरतात.

२) या प्रथिनाला ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार करण्यासाठी ते वापरतात.

३) तांबे व लोह यांचा शरीरातील व्यवहार अभ्यासण्यासाठी ते वापरतात.

ही कुपी केवळ प्रयोगशाळेसाठी असते. ते औषध नव्हे. माणसाला किंवा जनावराला टोचण्यासाठी ती नसते.

माणसाच्या रक्तात हे प्रथिन बहुधा प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने मोजतात. परंतु माणसासाठी तयार केलेली प्रतिद्रव्ये गाई-मेंढीच्या प्रथिनाला नीट ओळखतीलच असे नाही. त्यामुळे जनावरांच्या बाबतीत बहुधा रंगाची पद्धत वापरण्यात येते. एका रंगहीन रसायनात रक्ताचा नमुना मिसळला की सेरुलोप्लाझ्मिन त्या रसायनाचे जांभळ्या रंगात रूपांतर करते. रंग जितका झपाट्याने चढेल, तितके प्रथिन अधिक. नमुना कोणत्या नळीत घ्यावा, यालाही महत्त्व आहे. गाईचे रक्त गोठू दिले तर काही प्रथिन गुठळीत अडकून आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. म्हणून नमुना पशुवैद्यकानेच घेणे योग्य ठरते.

अहवाल वाचताना होणारी चूक

सेरुलोप्लाझ्मिन कमी म्हणजे तांबे कमी, आणि ते पुरेसे म्हणजे सर्व ठीक, असा सरळ हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. हा हिशेब तीन ठिकाणी चुकतो.

पहिले उदाहरण माणसातील विल्सनच्या रोगाचे. डॉ. विल्सन यांनी १९१२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. या आनुवंशिक रोगात यकृताला तांबे प्रथिनात बसविता येत नाही आणि पित्तावाटे बाहेरही टाकता येत नाही. त्यामुळे रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन कमी असते, पण यकृत आणि मेंदू यांत तांबे साचलेले असते. अशा रुग्णात हे प्रथिन कमी असते, हे १९५२ मध्ये दिसून आले. अशा रुग्णाला 'तांबे कमी आहे' म्हणून तांबे दिले तर काय होईल, याची कल्पना करावी.

दुसरी गोष्ट जंतुसंसर्गाची. ताप, जखम, सूज, कासदाह अशा वेळी यकृत हे प्रथिन जादा तयार करते. त्यामुळे तांब्याची कमतरता असूनही आकडा ठीक दिसू शकतो. माणसांमध्ये गरोदरपणातही हे प्रमाण वाढते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. यकृतात तांबे वाजवीपेक्षा जास्त साचत असताना रक्तातील हे प्रथिन बहुधा वाढत नाही. म्हणजेच हा साक्षीदार कमतरतेबद्दल बोलतो, पण अतिरेकाबद्दल गप्प बसतो. याची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्राच्या अनुभवातील व व्यवसायातील आहेत. पहिले लहान मुलांचे आणि दुसरे मेंढ्यांचे.

पितळी भांड्यातील दुधाचा धडा

आपल्या देशात पूर्वी सहा महिने ते चार-पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये यकृताचा एक घातक रोग आढळत असे. मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरातील एकामागून एक मुले जात. वैद्यकशास्त्रात हा रोग 'भारतीय बालकांचा यकृतकाठिण्य रोग (सिऱ्हॉसिस)' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडत असे. परंतु रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन मात्र विल्सनच्या रोगासारखे कमी नसे. ते नेहमीएवढे किंवा थोडे जास्तच असे. रक्ताचा अहवाल पाहून तांब्याचा संशय कोणाला आला नसता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या रोगाचा अभ्यास केला. १९८३ मध्ये त्यांनी असे मांडले की, तान्ह्या मुलाला फार लवकर वरचे दूध सुरू करणे आणि ते दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापविणे व ठेवणे हे या रोगाचे कारण असावे. १९८७ मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करण्यात आली, तीही याच दिशेने बोट दाखविणारी होती. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्याचे तांबे ओढून घेते. आईच्या दुधात तांबे अत्यल्प असते. पितळी पातेल्यातील गाईच्या दुधातून मात्र बाळाच्या कोवळ्या यकृतावर रोज भार पडतो. काही घराण्यांत आनुवंशिक दोषही त्याच्या जोडीला असावा, असे मानले जाते.

घरोघरी स्टील व ॲल्युमिनियमची भांडी आली, मातांना सल्ला मिळाला आणि १९९० च्या दशकात हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. लवकर निदान झालेल्या काही मुलांना शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने वाचविता आले. भांड्याला कल्हई करण्याची आपल्या आजी-पणजीची रीत किती शहाणपणाची होती, हेही यावरून दिसते. कल्हई गेलेल्या भांड्यात दूध, दही, ताक, चिंच-आमसुलाचे पदार्थ ठेवू नयेत. आजकाल तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची आवड वाढली आहे. परंतु तान्ह्या बाळाचे दूध अशा भांड्यात तापवू किंवा ठेवू नये.

साक्री भागातील मेंढपाळांसाठी

साक्री तालुक्यात पांझरा आणि कान नद्यांच्या काठी बागायत, तर माळावर बाजरी व चराऊ रान आहे. या भागातील ठेलारी मेंढपाळ काळ्या मेंढ्यांचे कळप घेऊन पावसाळ्यानंतर चाऱ्यासाठी लांबवर जातात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या खतासाठी शेतात बसवितात. ही दोघांच्या फायद्याची जुनी रीत आहे. मात्र तांब्याच्या बाबतीत मेंढी हे सर्वांत नाजूक जनावर आहे, हे दोघांनीही लक्षात ठेवावे.

गाईच्या यकृतातून जादा तांबे पित्तावाटे बऱ्यापैकी बाहेर पडते. मेंढीच्या यकृतातून ते फार सावकाश बाहेर पडते. मेंढीच्या खाद्यात किलोमागे ७ मिलिग्रॅम तांबे पुरते आणि १५ मिलिग्रॅमच्या पुढे धोका सुरू होतो. गरज व धोका यांत इतकेच अंतर आहे. गाईसाठी ही मर्यादा सुमारे ४० मिलिग्रॅम आहे. शेळी मेंढीपेक्षा अधिक सहन करते.

जादा तांबे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने यकृतात साचत राहते. या काळात मेंढी चरते, चालते, निरोगी दिसते. रक्तातील तांबे व सेरुलोप्लाझ्मिनही नेहमीसारखेच असते. मग लांबची चाल, उपासमार, गाडीतील प्रवास, विणे असा एखादा ताण पडतो आणि यकृतातील तांबे एकदम रक्तात सुटते. रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी लालसर-काळपट होते आणि एक ते तीन दिवसांत मेंढी मरते. शवविच्छेदनात मूत्रपिंड काळेनिळे दिसते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होत असल्याने निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

तांबे मेंढीच्या पोटात जाण्याच्या वाटा पुढीलप्रमाणे आहेत :

१) फवारलेल्या बागा : शेजारच्या बागलाण भागात डाळिंब व द्राक्षाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. तेल्या व करपा या रोगांसाठी बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारले जाते. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद असते. पानांवरचे आणि बागेतील गवतावरचे हे तांबे मेंढी रोज थोडे थोडे खाते.

२) खुरांचे पाणी : खुरी रोगासाठी ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या चालवितात. या पाण्याच्या ५० मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅम मोरचूद असते. ३० किलो वजनाच्या मेंढीला एका वेळी एवढे पोटात गेले तरी जिवाला धोका पोहोचू शकतो. तहानलेली मेंढी दोन घोटांत हे पाणी पिते.

३) दुसऱ्या जनावराचे खाद्य : गाईचे क्षार मिश्रण, कोंबड्यांचे खाद्य व कोंबड्यांच्या शेडमधील गादी यांत तांबे मेंढीच्या गरजेपेक्षा बरेच जास्त असू शकते.

४) जंताचा जुना उपाय : पूर्वी जंतांसाठी मेंढ्यांना मोरचुदाचे पाणी पाजण्याची पद्धत होती. आता सुरक्षित औषधे उपलब्ध असल्याने ही पद्धत सोडून द्यावी.

कमतरता कशी ओळखावी?

अतिरेकाची भीती सांगितली म्हणजे कमतरता होतच नाही, असे नव्हे. ऑस्ट्रेलियात १९३७ मध्ये बेनेट्स यांनी दाखविले की, कोकरांचे मागचे पाय लुळे पडण्याचा रोग गाभण मेंढ्यांना तांबे न मिळाल्यामुळे होतो. तांब्याच्या कमतरतेची लक्षणे साधारणपणे अशी असतात :

१) काळे केस तांबूस किंवा करडे होतात. डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिके वर्तुळ दिसते.

२) काळ्या लोकरीचा रंग जातो, लोकरीचा कुरळेपणा जाऊन ती तारेसारखी सरळ होते.

३) रक्तक्षय होतो व लोह देऊनही फरक पडत नाही.

४) वासरांची वाढ खुंटते, वारंवार हगवण लागते.

५) गाई-म्हशी वेळेवर माजावर येत नाहीत किंवा वारंवार उलटतात.

यांपैकी बहुतेक लक्षणे जंत, निकृष्ट चारा, स्फुरदाची कमतरता यांमुळेही दिसतात. महाराष्ट्राच्या जमिनींत जस्त व लोह यांची कमतरता जास्त आढळते, त्यामानाने तांब्याची कमी. तरीही चाऱ्यात तांबे असूनही जनावराला ते मिळत नाही, असे घडू शकते. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते तांब्याला बांधून टाकतात. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात लोह व गंधक जास्त असल्यासही तांब्याचे शोषण घटते. वर्षभर नुसता कडबा, बाजरीचे सरमड किंवा भाताचा पेंढा घालणाऱ्या गोठ्यांत ही शक्यता अधिक असते. द्विदल चारा आणि पेंड यांतून त्यामानाने जास्त तांबे मिळते.

अशा वेळी सेरुलोप्लाझ्मिनची तपासणी उपयोगी पडते. एका जनावराच्या आकड्यावर विसंबू नये. कळपातील ताप किंवा सूज नसलेली पाच-सहा जनावरे निवडून त्यांचे नमुने द्यावेत. बहुतेकांचा आकडा कमी आला आणि लक्षणेही जुळली, तर कमतरतेचे निदान भरवशाचे ठरते. उलट मेंढ्यांत अतिरेकाचा संशय असेल तर यकृताची स्थिती दाखविणाऱ्या रक्त तपासण्या करून घ्याव्यात. दगावलेल्या मेंढीचे यकृत व मूत्रपिंड यांचे नमुने तपासावेत. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुने कसे आणि कोठे पाठवावेत, हे नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

पशुपालकांनी घ्यावयाची काळजी

१) मोरचूद स्वतःच्या अंदाजाने कोणत्याही जनावराला पाजू नये. मेंढीला तर मुळीच पाजू नये.

२) गाई-म्हशींना रोज शिफारशीप्रमाणे क्षार मिश्रण द्यावे. बहुतेक गोठ्यांत तांब्याची गरज त्यातून भागते. मेंढ्यांसाठी मेंढ्यांचेच क्षार मिश्रण वापरावे. पिशवीवरील तांब्याचे प्रमाण वाचून घ्यावे.

३) तांब्याची इंजेक्शने पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

४) तांबेयुक्त औषध फवारलेल्या बागेत त्या हंगामात मेंढ्या चरावयास सोडू नयेत. छाटलेल्या फांद्या व पाला त्यांच्यापुढे टाकू नये.

५) शेतात मेंढ्या बसविताना शेतकऱ्याने फवारणी केव्हा व कशाची केली, हे मेंढपाळाला सांगावे. मेंढपाळानेही विचारून घ्यावे.

६) खुरांच्या पाण्यासाठी शक्यतो १० टक्के झिंक सल्फेट वापरावे. मोरचूद वापरावयाचे झाल्यास मेंढ्यांना आधी पोटभर पाणी पाजावे आणि उरलेले पाणी नाल्यात किंवा चराऊ रानात ओतू नये.

७) बोर्डो मिश्रण तयार केलेली पिंपे, रिकाम्या पिशव्या व सांडलेले मोरचूद जनावरांच्या वाटेत ठेवू नये.

८) लाल लघवी आणि कावीळ दिसताच कळपाची चाल थांबवावी, जनावरे सावलीत शांत ठेवावीत, संशयित खाद्य बंद करावे व त्वरित पशुवैद्यकाला बोलवावे. अमोनियम मॉलिब्डेट व सोडियम सल्फेट यांचा उपचार वेळेवर सुरू झाल्यास उरलेला कळप वाचविता येतो. हा उपचार पशुवैद्यकानेच करावयाचा असतो.

शेवटी, रक्तातील निळे प्रथिन हा एक विश्वासू, पण एकाच बाजूची खबर देणारा साक्षीदार आहे. तांबे कमी पडले तर तो सांगतो, जास्त झाले तर बहुधा सांगत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताच्या अहवालावर न थांबता चुलीवरचे पातेले पाहिले, म्हणून मुलांच्या आजाराचे मूळ सापडले. आपणही अहवालाबरोबर जनावराची गव्हाण, पिण्याचे पाणी, शेजारची फवारलेली बाग आणि औषधाचे पिंप पाहण्याची सवय ठेवावी. मोरचुदाचा डबा उघडण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारले, तर जनावरही वाचेल आणि पैसाही वाचेल.